रॅपरबद्दल ऐकलेली गोष्ट खरी आहे का, हे तपासायचं कसं?

अमेरिकन रॅपर टुपॅक शकूर तुरुंगात जन्मला, असं वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. ऐकायला ते इतकं शोभतं की तपासावंसंच वाटत नाही. आई अफेनी शकूर ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती, तिच्यावर न्यूयॉर्कमध्ये मोठा खटला, गरोदरपणातले काही महिने तुरुंगात. इथवर सगळं खरं आहे. पण त्या खटल्यातून अफेनी शकूर निर्दोष सुटली १३ मे १९७१ रोजी, आणि मुलगा झाला १६ जूनला. दोन तारखा शेजारी ठेवल्या की निकाल लागतो. आईच्या पोटात असताना तो तुरुंगात होता असं म्हणा हवं तर. जन्म मात्र बाहेर झाला.

रॅपरच्या आयुष्याबद्दल फिरणाऱ्या बहुतेक गोष्टी याच जातीच्या असतात. निव्वळ थाप क्वचितच सापडते. खऱ्या गोष्टीला कुणीतरी तिखटमीठ लावलेलं असतं. त्यामुळे ‘कुठल्या वेबसाइटवर विश्वास ठेवायचा?’ या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. विचारायचं ते वेगळंच: ही गोष्ट खरंच घडली असेल, तर त्या वेळी तिची नोंद कुणाच्या दप्तरी झाली असेल? खटल्याची कोर्टात, नोकरीची नोकरी देणाऱ्याकडे, विक्रीची रेकॉर्ड कंपनीकडे, गाण्याच्या हक्काची रॉयल्टी वाटणाऱ्या संस्थेकडे. प्रत्येक दाव्याचं दप्तर निराळं असतं, आणि ते ओळखता आलं की पुढचं काम बऱ्यापैकी चिकाटीचं उरतं.

गाण्यातला ‘मी’

रॅपच्या बाबतीत एक अडचण जास्तीची आहे. कादंबरीतला नायक ‘मी’ म्हणाला म्हणून तो लेखकच आहे असं कुणी धरत नाही. रॅपर मात्र स्वतःचं नाव, स्वतःची वस्ती, स्वतःचे दोस्त सांगून ‘मी’ म्हणतो. शिवाय खरेपणाला या कलेत फार मान. मग ऐकणारा गाण्याला जबानी समजतो आणि ओळी उचलून थेट चरित्रात घालतो.

रॅपर नटोरिअस बी.आय.जी. म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा ख्रिस्तोफर वॉलेस. १९९४ सालच्या ‘जूसी’ या गाण्यात त्याने लहानपणीची गरिबी उभी केली आहे. एका खोलीचं बिऱ्हाड, रात्रीच्या जेवणाला सार्डिन मासे, थंडीत हीटर नाही. त्याची आई व्होलेटा वॉलेस जमैकाहून आलेली, लहान मुलांच्या शाळेत शिक्षिका. हे चित्र आपल्या घरचं नाही, असं ती सांगत असे. आता खरं कुणाचं? माझ्या मते तपासणाऱ्याने इथे पंच होऊच नये. आईला नोकरी होती ही गोष्ट तपासता येते. त्या घरात पोराला काय वाटत होतं, ते तपासता येत नाही. ‘तो अत्यंत गरिबीत वाढला’ असं छातीठोक लिहिण्यापेक्षा ‘गाण्यात त्याने अत्यंत गरिबीचं वर्णन केलंय, आईला ते मान्य नव्हतं’ असं लिहावं. वाक्य थोडं लांबतं, पण त्यातला प्रत्येक शब्द टिकतो.

याच प्रश्नावर एकदा कोर्टाला डोकं खाजवावं लागलं. रॅपर एमिनेमच्या १९९९ सालच्या ‘ब्रेन डॅमेज’ या गाण्यात शाळेतला एक दांडगा मुलगा त्याला बदडतो, आणि त्या मुलाचं नाव गाण्यात खरं आहे. तो मुलगा मोठा झाला होता. त्याने २००१ मध्ये बदनामीचा दावा लावला. मिशिगनच्या कोर्टाने २००३ मध्ये तो फेटाळला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की वर्णन इतकं फुगवलेलं आहे की कुणी ते शब्दशः खरं मानणार नाही. (न्यायाधीशबाईंनी निकालपत्रात हा सारांश चक्क यमकं जुळवून, रॅपच्या थाटात दिला.) त्या गाण्यात मार खाऊन नायकाचा मेंदू कवटीतून खाली पडतो, हे लक्षात घेतलं तर बाईंचं पटतं.

पण गंमत पुढेच आहे. एमिनेम नऊ वर्षांचा असताना, १९८२ मध्ये, त्याच्या आईने मुलाला शाळेत मारहाण झाल्याचं सांगत शाळेच्या प्रशासनावर दावा लावला होता. पुढे तोही फेटाळला गेला. म्हणजे गाण्यातला तपशील अतिरंजित असला तरी मारहाणीच्या तक्रारीला जुना कागद आहे, गाणं लिहिण्याच्या कितीतरी आधीचा. त्या कागदाने सिद्ध काय होतं? तक्रार झाली होती, एवढंच. मार किती बसला, कसा बसला, हे त्यावरून ठरत नाही. कागद सापडला की माणूस हुरळतो आणि त्यात लिहिलंय त्याहून जास्त वाचतो. हा मोह आवरावा लागतो.

जाता जाता: ‘एट माइल’ हा २००२ चा चित्रपट एमिनेमचं चरित्र नाही. नायकाचं नाव वेगळं, कथा रचलेली. तिथले प्रसंग त्याच्या आयुष्यात घुसडलेले लेख मात्र पैशाला पासरी मिळतात.

कंपनीने लिहिलेलं आयुष्य

गाण्यानंतरचा दुसरा मोठा कारखाना म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा प्रसिद्धी विभाग. १९९० मध्ये व्हॅनिला आइस हा रॅपर एकाएकी शिखरावर पोचला, तेव्हा पत्रकारांना वाटलेल्या अधिकृत परिचयात तो मायामीच्या रस्त्यांवर वाढलेला, तिथल्याच शाळेत शिकलेला असं चित्र होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’ने चौकशी केली, आणि स्वारी डॅलसच्या परिसरातली, शाळाही तिथलीच असं निघालं. पत्रकाराने काही जगावेगळं केलं नव्हतं. शाळेत शिकलेल्या माणसाची नोंद शाळेत असते, सोबत शिकलेले लोक असतात, आणि स्थानिक वर्तमानपत्राला ते माहीत असतात. राष्ट्रीय मासिकं तोवर तोच परिचय पुन्हा पुन्हा छापत बसली होती. रॅपरच्या सुरुवातीच्या आयुष्याबद्दल काही शोधायचं असेल तर त्याच्या गावचं वर्तमानपत्र आधी बघा, असं मी कुणालाही सांगेन.

रॅपर रिक रॉसची गोष्ट याच्या उलट्या बाजूची. त्याची सगळी प्रतिमा अमली पदार्थांच्या धंद्यातल्या बड्या माणसाची. नावही त्याने अशाच एका खऱ्या तस्कराचं घेतलेलं. २००८ मध्ये त्याचा तुरुंग रक्षकाच्या गणवेशातला फोटो फुटला. त्याने साफ नाकारलं. आपला चेहरा कुणीतरी दुसऱ्याच्या धडावर चिकटवलाय, म्हणाला. फोटोवर वाद घालत बसलो तर तो कधीच संपत नाही. ‘द स्मोकिंग गन’ या संकेतस्थळाने मग फ्लोरिडाच्या तुरुंग खात्याची कागदपत्रं बाहेर काढली. विल्यम रॉबर्ट्स हे त्याचं खरं नाव, आणि १९९५ च्या डिसेंबरपासून १९९७ च्या जूनपर्यंतची सरकारी नोकरी. शेवटी त्याने कबूल केलं. सरकारी नोकरी म्हटली की कागद असणारच, आणि तो फोटोपेक्षा भारी पडतो. यातून त्याची गाणी वाईट ठरली का? अजिबात नाही. त्याचा पुढचा अल्बमही लोकांनी उचलून धरला. फक्त ती गाणी आत्मचरित्र म्हणून वाचता येत नाहीत.

एक कोटी म्हणजे किती?

आकड्यांच्या बाबतीत लोक सर्वांत निर्धास्त असतात, आणि फसगतही तिथेच सर्वाधिक होते.

अमेरिकेत ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’, ‘डायमंड’ हे किताब आर.आय.ए.ए. ही रेकॉर्ड उद्योगाची संघटना देते. गोल्ड ५ लाखांना, प्लॅटिनम १० लाखांना, डायमंड १ कोटीला. आता टुपॅकचा १९९६ चा ‘ऑल आइज ऑन मी’ घ्या. २०१४ मध्ये त्याला डायमंड मिळालं. मग बातमी येते: एक कोटी लोकांनी हा अल्बम विकत घेतला. चूक! तो दोन डिस्कचा संच आहे, आणि शंभर मिनिटांहून मोठा असा संच असेल तर संघटना प्रत्येक डिस्क वेगळी मोजते. एक संच खपला की खात्यावर दोन. म्हणजे डायमंडसाठी ५० लाख संच पुरतात. बी.आय.जी.च्या १९९७ च्या ‘लाइफ आफ्टर डेथ’चंही हेच गणित. किताब खरा, आकडा खरा, आणि तरी ‘एक कोटी लोक’ हे खोटं. अशी चूक पकडायला हिशेबाचा नियम वाचावा लागतो, दुसरी वेबसाइट उघडून काही होत नाही, कारण तिथेही एक कोटीच लिहिलेलं असतं.

२०१६ पासून ऑनलाइन ऐकणंही अल्बमच्या मोजणीत आलं. या संघटनेच्या हिशेबात अल्बममधली गाणी १५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम खपला असं धरतात. त्यामुळे आजच्या रॅपरचं प्लॅटिनम आणि १९९४ मधल्या रॅपरचं प्लॅटिनम यांची तुलना करणारा लेख दिसला की मी पुढे वाचत नाही. आणखी एक खाच अशी की किताब आपोआप मिळत नाही. कंपनीने अर्ज करायचा, हिशेब तपासून घ्यायचा, मग मिळतो. अर्जच केला नाही तर अल्बम कितीही खपो, यादीत नाव नाही. ‘प्लॅटिनम नाही, म्हणजे आपटला’ हा तर्क म्हणून लंगडा.

बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या लोकप्रियतेच्या याद्यांचंही तसंच. १९९१ च्या मे महिन्याआधी अल्बमची यादी दुकानदारांच्या सांगण्यावर बनत असे. कुठला अल्बम जोरात आहे हे ते आपल्या अंदाजाने सांगायचे. मग बारकोडवरून खरी विक्री मोजायला लागले, आणि काही आठवड्यांतच एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा दुसरा अल्बम थेट दुसऱ्या क्रमांकावर येऊन नंतर पहिला झाला. रॅप ऐकणारे एका रात्रीत वाढले नव्हते. मोजायची पद्धत बदलली होती.

तारखांसाठी एक छोटी युक्ती. ॲपवर दिसणारं साल बऱ्याचदा नव्याने काढलेल्या आवृत्तीचं असतं, त्यामुळे मूळ तारीख वेगळी शोधा आणि ती कुठल्या वारी पडते ते बघा. नव्वदच्या दशकात अमेरिकेत अल्बम सहसा मंगळवारी येत. जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार ठरला. ‘ऑल आइज ऑन मी’ची १३ फेब्रुवारी १९९६ ही तारीख मंगळवारीच पडते. १९९६ ची तारीख शुक्रवारी निघाली तर ती खोटीच असेल असं नाही, पण पुन्हा एकदा बघावी.

‘पहिला’ कोण, आणि लिहिलं कुणी?

‘पहिलं रॅप गाणं’ म्हटलं की ‘रॅपर्स डिलाइट’चं नाव येतं, साल १९७९. पण त्याच वर्षी त्याच्या आधी फॅटबॅक बँड या फंक वाजवणाऱ्या मंडळींची ‘किंग टिम द थर्ड’ ही रॅप असलेली रेकॉर्ड आली होती. तसंच बिलबोर्डच्या मुख्य गाण्यांच्या यादीत पहिलं आलेलं पहिलं रॅप गाणं कोणतं? १९८१ मध्ये ब्लाँडी या बँडचं ‘रॅप्चर’ पहिलं आलं. त्यात रॅपचा लांब तुकडा आहे, पण बाकी गाणं गायलेलं आहे. संपूर्ण रॅप म्हणाल तर १९९० चं ‘आइस आइस बेबी’, म्हणजे आपला मघाचा व्हॅनिला आइसच. ‘पहिला’ हा शब्द दिसला की ‘कशात पहिला?’ असं विचारायचं. उत्तरात चार अटी जोडाव्या लागल्या तर त्या चारही वाक्यात यायला हव्यात.

‘रॅपर्स डिलाइट’जवळ थोडं थांबूया, कारण एका गाण्यात इतके धडे क्वचित मिळतात. ते म्हणणाऱ्या रॅपरांपैकी एक, बिग बँक हँक, आपल्या कडव्यात नावाची अक्षरं एकेक करून सांगतो, आणि ती जुळवली तर ‘कॅसनोव्हा’ आणि ‘फ्लाय’ असं निघतं. हँकचं नाव तसं कधीच नव्हतं. कॅसनोव्हा फ्लाय हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरचं नाव. हँकने त्याच्या वहीतल्या ओळी घेतल्या, आणि घेताना त्यातलं नावसुद्धा तसंच राहिलं! कॅझ आयुष्यभर सांगत आलाय की त्या ओळी माझ्या, आणि त्याच्या बाजूचा सर्वांत पक्का पुरावा खुद्द रेकॉर्डमध्ये वाजतोय. तरी गाण्याच्या अधिकृत श्रेयात कॅझ नाही. तिथे आहेत नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स, ज्यांनी त्या रॅपचा एक शब्दही लिहिलेला नाही. खालचं संगीत त्यांच्या शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’चं, म्हणून ते.

अमेरिकेतल्या ॲस्कॅप आणि बी.एम.आय. या रॉयल्टी वाटणाऱ्या संस्थांच्या सूचीत कुणालाही फुकट शोधता येतं, जरूर शोधा. फक्त तिथली नावं ‘पैसे कुणाला मिळतात’ हे सांगतात. लिहिलं कुणी, हा प्रश्न बऱ्याचदा त्याच उत्तराने सुटतो, पण दर वेळी नाही.

आणखी एक. ‘रॅपर्स डिलाइट’ने ‘गुड टाइम्स’ सँपल केलं, असं सर्रास लिहितात. सँपल करणं म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडाच उचलणं. इथे स्टुडिओत वादकांनी ती चाल नव्याने वाजवली होती. कानाला फरक जाणवत नसेल, पण हक्काच्या दृष्टीने मूळ मुद्रणाचा मालक वेगळा आणि चालीचा मालक वेगळा, म्हणून शब्द जपून वापरावा.

दहा ठिकाणी आहे, म्हणून?

गाण्याचे शब्द तपासताना लोक तीन-चार संकेतस्थळं बघतात आणि सगळीकडे सारखेच दिसले की निर्धास्त होतात. २०१९ मध्ये ‘जीनियस’ या संकेतस्थळाने दाखवून दिलं की हा भरवसा किती पोकळ असू शकतो. आपले शब्द गूगलच्या उत्तरात जसेच्या तसे दिसतात असा त्यांना संशय होता. त्यांनी इंग्रजी शब्दांमधली ॲपॉस्ट्रॉफीची टिंबं मुद्दाम काही सरळ आणि काही वाकडी ठेवली. त्यांचा क्रम मोर्सच्या सांकेतिक लिपीत वाचला तर ‘रेड हँडेड’, म्हणजे रंगेहाथ, असं निघायचं. तीच टिंबं त्याच क्रमाने गूगलवर सापडली. गूगलचं म्हणणं असं की शब्द आम्ही परवानाधारक कंपनीकडून घेतो. दोष कुणाचाही असो, तुमच्या-माझ्यापुरता अर्थ असा: एका जागचा मजकूर पाच जागी दिसला तर साक्षीदार एकच आहे. एखादा चुकीचा ऐकलेला शब्द सगळीकडे एकसारखा चुकीचा असेल तर तो जास्त पक्का झाला असं नसतं. अशा वेळी हेडफोन लावून गाणं ऐकणं हाच खरा इलाज. अल्बमसोबत छापलेले शब्द मिळाले तर उत्तम.

दोन स्रोत एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हे ओळखायला चुकाच कामी येतात. दोन लेखांत एकच विचित्र स्पेलिंग किंवा एकच चुकलेलं साल असेल, तर एकाने दुसऱ्याचं उतरवलंय.

नावाजलेला पत्ता दिसला म्हणूनही निश्चिंत होऊ नये. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या पी.बी.एस. या सार्वजनिक वाहिनीच्या संकेतस्थळावर बातमी आली की टुपॅक न्यूझीलंडमध्ये जिवंत आहे. घुसखोरांनी ती तिथे चढवली होती. टुपॅकला लास व्हेगसमध्ये ७ सप्टेंबर १९९६ रोजी गोळ्या लागल्या, आणि १३ तारखेला तो इस्पितळात वारला. एवढी मोठी बातमी खरी असती तर तासाभरात दहा वृत्तसंस्था आपापली माणसं पाठवून तिचा माग काढत असत्या. कुणाकडेच स्वतःचं काही नव्हतं, सगळे त्याच पानाकडे बोट दाखवत होते.

मृत्यूच्या बाबतीत उलटही घडतं. कायम मुखवटा घालणारा, आणि कधी कधी स्वतःऐवजी दुसऱ्यालाच मुखवटा घालून मंचावर पाठवणारा रॅपर एम.एफ. डूम ३१ ऑक्टोबर २०२० रोजी गेला. घरच्यांनी ते जाहीर केलं ३१ डिसेंबरला. तो इंग्लंडमध्ये लीड्सच्या इस्पितळात वारला, हा तपशील तर २०२३ मधल्या मृत्यूच्या चौकशीतून बाहेर आला. जाहीर झाल्याची तारीख मृत्यूची म्हणून लिहिणं ही अशा वेळची नेहमीची चूक.

‘सुटला’ आणि ‘निर्दोष सुटला’

राहता राहिलं कोर्ट. अटक, आरोप, कबुली, दोषी ठरणं, शिक्षा या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि मथळे त्यातल्या दोन-तीन एका उडीत ओलांडतात. रॅपर यंग थग मे २०२२ पासून अटलांटाच्या खटल्यात कोठडीत होता आणि ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी घरी गेला. ‘सुटला’ हे बरोबर. ‘निर्दोष सुटला’ हे चूक, कारण त्याने काही आरोपांची कबुली दिली, आणि कोठडीत काढलेला काळ हीच शिक्षा धरून वर १५ वर्षं देखरेखीखाली राहण्याची अट लागली. त्याच खटल्यात त्याच्या काही ओळी पुरावा म्हणून वाचायला न्यायाधीशांनी परवानगी दिली होती. दुसरीकडे कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा वापरावर बंधनं घातली आहेत. गाण्यातला ‘मी’ कोण, यावर कायद्याचंही अजून एकमत नाही.

टुपॅकच्या खुनाच्या प्रकरणात २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एकाला अटक झाली. त्याने गुन्हा नाकबूल केला. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तो ‘आरोपी’. बी.आय.जी.ला ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मारलं, त्या प्रकरणात कुणावरही खुनाचा आरोप ठेवला गेलेला नाही, तेव्हा तिथे ‘आरोपी’सुद्धा लिहिता येत नाही, मग माहितीपटात कितीही नावं घेतलेली असोत. कोर्टातल्या गोष्टी बदलत असतात, म्हणून अशा वाक्यात ‘अमुक महिन्यापर्यंतची स्थिती’ असं घालायचं आणि पुन्हा लिहायची वेळ आली की कोर्टाची नोंद नव्याने बघायची.